‘खरं’ म्हणजे खरं नव्हे

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाच्या मूल्यमापनात, दुसरी बैठक सुरू करताना पहिल्या बैठकीतली उत्तरं त्याला वाचून दाखवायची, असा आमचा नियम आहे. त्यात पंचवीस-तीस मिनिटं जातात. बहुतेक मुलं कंटाळून ‘होय, होय’ करत राहतात. त्या दिवशी नवव्या उत्तरावर मुलगा खुर्चीत पुढं सरकला आणि म्हणाला, "मी असं म्हणालो न्हाई."

कागदावर कानडीत जे होतं त्याचं मराठी असं: ‘दुसऱ्याची वस्तू घेऊ नये, कारण पोलीस पकडतात. हे खरे आहे.’

"मग काय म्हणालास?"

"समदी म्हणत्यात, पोलीस धरत्यात म्हणून घेऊ नये. खरं ज्याचं जातंय त्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटत न्हाई की."

पहिल्या बैठकीत उत्तरं लिहून घेणारा प्रशिक्षणार्थी शेजारीच बसला होता. धारवाडकडचा, मातृभाषा कानडी, मराठी समजण्यापुरती चांगली. तो म्हणाला, "खरं असंच म्हणालास की तू. मी तेच लिहिलंय, निज." मुलानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "अवो सर, ते खरं न्हवं. खरं!"

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात आणि पलीकडं कोल्हापूरकडंही ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. ‘येणार होतो, खरं पाऊस लागला.’ इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्याला मात्र ते ऐकू येऊनही कळत नाही, कारण शब्द ओळखीचा आणि अर्थ भलताच. कानडीत ‘पण’ म्हणजे ‘आदरे’ आणि ‘खरं’ म्हणजे ‘निज’. कागदावर चार ठिकाणी ‘निज’ होतं. मी तो कागद आदल्या रात्री वाचला होता. कानडीत ते वाक्य गुळगुळीत वाटत होतं, त्यामुळं मलाही खटकलं नाही. चारही ठिकाणी मुलाचं स्वतःचं म्हणणं ‘खरं’च्या पुढं होतं, आणि आम्ही त्याच्या मागचं धरून बसलो होतो.

या कामात एवढ्याशा चुकीनं काय बिघडतं, ते सांगायचं तर आधी काम काय ते सांगायला हवं. मुलाची, गावाची ओळख पटेल असं काही देत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं तशी बंदी आहे, आणि कायदा नसता तरी दिलं नसतं. काही तपशील मुद्दाम बदलले आहेत.

मुलगा सतरा वर्षांचा. आरोप असा की बिडीच्या ठेकेदाराची दुचाकी संध्याकाळी अडवून, कोयत्यानं मारून, मजुरीच्या वाटपाची रक्कम पळवली. बरोबर एकोणीस आणि बावीस वर्षांचे दोघं. कोयता मुलाच्या हातात होता. ठेकेदाराचं कोपर-मनगटामधलं हाड मोडलं. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती जबर दुखापत, आणि लुटताना जबर दुखापत केली की भारतीय न्याय संहितेचं कलम ३११ लागतं. त्यात कमीत कमी शिक्षा सात वर्षं. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंड विधानाचं कलम ३९७ होतं.

हा ‘कमीत कमी सात’ आकडा महत्त्वाचा आहे. तो असेल तरच गुन्हा बाल न्याय कायद्याच्या ‘अमानुष’ वर्गात पडतो, आणि मूल सोळा ते अठरा वयाचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम १५ खाली प्राथमिक मूल्यमापन करावं लागतं. जास्तीत जास्त शिक्षा सातच्या वर, पण किमान शिक्षा ठरलेली नाही, असे गुन्हे यात येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं हे २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही खुनाच्या प्रयत्नाची कागदपत्रं ‘मूल्यमापन करा’ म्हणून फिरताना अधूनमधून दिसतात. फाईल हातात आली की मी पहिल्यांदा कलम बघते, मग मूल.

हे मूल्यमापन बाल न्याय मंडळ करतं. मंडळाला तीन गोष्टी तपासायच्या असतात: असा गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि कोणत्या परिस्थितीत तो घडल्याचं म्हटलं जातं ती परिस्थिती. मुलाला पहिल्यांदा मंडळापुढं उभं केल्यापासून तीन महिन्यांत हे उरकायचं. यातून मंडळ ठरवतं की खटला मंडळापुढंच चालवायचा की सज्ञान समजून चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडं पाठवायचा. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकार यातली पदवी असलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं १३ जुलै २०२२ च्या निकालात म्हटलं. आम्ही येतो ते तिथं.

हा खटला नव्हे. मूल्यमापन करणाऱ्यानं कबुली काढायची नाही. ‘तू मारलंस का?’ हा प्रश्न माझ्या खोलीत विचारला जात नाही. मुलगा आपण होऊन सांगू लागला तर त्याला थांबवून वकिलाची आठवण करून द्यायची. म्हणूनच नैतिक विचाराची प्रश्नावली इथं उपयोगी पडते. ती गुन्ह्याला हात न लावता मूल कारणं कशी देतं ते दाखवते.

या सगळ्याचं मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांच्या १९५८ च्या प्रबंधात आहे. शिकागोतल्या १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ मुलग्यांना त्यांनी पेचाच्या गोष्टी सांगितल्या. मुलगा ‘करावं’ म्हणतो की ‘करू नये’ म्हणतो, याकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. तो कारण काय देतो ते बघितलं. पहिल्या पायरीवर कारण असतं शिक्षा, मार, पकडलं जाणं. दुसरीवर देवाणघेवाण: त्यानं केलं तर मी करीन, मला काय मिळणार. तिसरीवर माणसं येतात: आईला काय वाटेल, मित्राचा विश्वास, चांगला मुलगा म्हणवून घेणं. चौथीवर समाज, नियम, सगळ्यांनीच असं केलं तर काय होईल. याच्या वरच्या दोन पायऱ्यांवर मोठी माणसंही क्वचितच भेटतात.

कोहलबर्गची प्रसिद्ध गोष्ट, म्हणजे बायको मरणाला टेकलेली, औषधवाला अव्वाच्या सव्वा किंमत सांगतो, नवऱ्यानं औषध चोरावं का, ही आमच्याकडं चालत नाही. पोरं पेच सोडवूनच टाकतात. ‘सरकारी दवाखान्यात न्यावं की. कार्ड हाय न्हवं?’ एकानं ‘आमदाराकडनं पत्र आणावं’ असंही सांगितलं होतं. हुशारीचं उत्तर आहे, पण गुण देता येत नाहीत.

म्हणून जॉन गिब्ज आणि सहकाऱ्यांची १९९२ ची छोटी प्रश्नावली. अकरा प्रश्न, गोष्ट नाही. मित्राला दिलेला शब्द पाळणं किती महत्त्वाचं? खरं बोलणं? मुलांनी आईबापाला मदत करणं? अनोळखी माणसाचा जीव वाचवणं? दुसऱ्याची वस्तू न घेणं? कायदा पाळणं? न्यायाधीशानं गुन्हेगाराला तुरुंगात पाठवणं? प्रत्येकाला ‘फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, महत्त्वाचं नाही’ असे तीन पर्याय, आणि पुढं एकच शब्द: का?

पर्यायाला गुण नाहीत. जवळजवळ सगळी मुलं ‘लई महत्त्वाचं’च म्हणतात, चोरीत सापडलेलीसुद्धा. ‘त्याला चूक-बरोबर कळत होतं का?’ असा प्रश्न मंडळापुढं वकील विचारतात तेव्हा मला नेहमी वाटतं, की ‘होय’ या उत्तरानं काहीच कळणार नाही. गुण ‘का’च्या उत्तराला असतात, १ ते ४, मध्ये अर्धे. अकरांपैकी निदान सात उत्तरांना गुण देता आले तरच कागद वैध. सरासरीला शंभरनं गुणायचं. १०० म्हणजे निव्वळ पहिली पायरी, ४०० म्हणजे चौथी.

मूळ प्रश्नावली लिहून घेण्यासाठी आहे. आमची मुलं सातवी-आठवीत सुटलेली, आणि शाळा मराठी असेल तर लिहिणं मराठी, घरी-बाजारात दोन भाषा. म्हणून तोंडी घ्यावी लागते. तोंडी घेतली की चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. जेवणानंतर लगेच घ्यायची नाही. मुलाला मावा-गुटख्याची सवय असेल तर होममध्ये (निरीक्षणगृहात) आल्यावर पहिले चार-पाच दिवस घ्यायचीच नाही, चिडचिडीत सगळी उत्तरं ‘मार बसतोय म्हणून’ अशी येतात आणि आपण ती त्याची पायरी समजतो. खोलीत खाकी कपडे नकोत. ‘आणि?’ ‘आणखी?’ एवढंच विचारायचं. ‘कायद्यामुळं का?’ असं सुचवलं की मूल तेच उचलतं. उत्तर शब्दाला शब्द लिहायचं, ‘की’, ‘बा’, ‘नव्हं’ यांच्यासकट, आणि ते मुलाच्या भाषेत, देवनागरीत. भाषांतर नंतर, वेगळ्या कागदावर.

या प्रकरणात हा शेवटचा नियम मोडला होता. पहिल्या बैठकीत मी बुद्धिमापनाचं बघत होते (कामतांची चाचणी. बिने चाचणीचं हे रूपांतर कानडी आणि मराठी दोन्हींत झालेलं, म्हणजे आमच्या भागासाठी वरदानच, पण तिचे निकष जुने आहेत हे अहवालात लिहावं लागतं). प्रश्नावली प्रशिक्षणार्थ्यानं घेतली आणि वेळ वाचावा म्हणून ऐकत ऐकत थेट कानडीत उतरवली. अहवाल शेवटी कानडीतच जाणार, मग मध्ये मराठी कशाला, असा साधा हिशोब.

आम्ही चारही जागा पुन्हा काढल्या. वाचून नाही दाखवलं, प्रश्न परत विचारले. मूल आपलंच उत्तर सुधारून देईल हा धोका त्यात असतो. तो टाळायला मधल्या दोन-तीन जागांवर ‘निज’ नसलेले प्रश्नही मिसळले. त्यांची उत्तरं जवळपास तशीच आली, म्हणून बाकीच्यांवर विश्वास ठेवता आला.

एक अनोळखी माणसाच्या जिवाचं. कागदावर होतं, ‘अनोळखी माणसाला वाचवायला गेलं तर पोलिसांचं लफडं मागं लागतं, खरं आहे.’ मुलाचं पूर्ण वाक्य: ‘पोलिसांचं लफडं मागं लागतंय, खरं त्याचीबी कोण तरी वाट बघत आसल.’ दुसरं आईबापाला मदत करण्याचं. ‘त्यांनी आम्हाला वाढवलं म्हणून फेडायचं’ इथवर कागदावर होतं, पुढचं ‘खरं न्हाई फेडता आलं तरी आईचं हात बघून बसवत न्हाई’ हे गळलं होतं. बिड्या वळणाऱ्या बाईची बोटं ज्यानं बघितली आहेत त्याला हे वाक्य समजावून सांगायला नको.

तिसरं मित्राच्या शब्दाचं. त्यावर जरा थांबते.

मुलगा म्हणाला होता, ‘शब्द दिला की पाळायचा. न्हाईतर ते आपल्याला मारत्यात. खरं मारत न्हाईत तरीबी पाळायचा, त्येनं आपल्यावर भरवसा टाकलाय.’ ही तिसरी पायरी, स्पष्ट. आणि हाच तो धागा ज्याला धरून मुलगा त्या संध्याकाळी दुचाकीवर मागं बसला, असं फाईलमधल्या इतर जबाबांवरून दिसत होतं. वरच्या पायरीचं कारण माणसाला गुन्ह्यापासून दूरच ठेवतं असं पुस्तकात वाचून आलेल्यांची इथं पंचाईत होते. भरवसा, शब्द, दोस्ती ही तिसऱ्या पायरीची भाषा टोळीतही तितकीच चालते. फरक एवढाच की तिथं ‘आपली माणसं’ तीन असतात आणि ठेकेदार त्यात नसतो.

इथं आणखी एक खाच आहे. जोन मिलर आणि डेव्हिड बेर्सॉफ यांनी १९९२ मध्ये मैसूरची आणि अमेरिकेतली माणसं घेऊन एक तुलना प्रसिद्ध केली. मित्राच्या लग्नाला वेळेत पोचण्यासाठी दुसऱ्याचं तिकीट उचलावं का, अशा धर्तीच्या पेचात मैसूरकडच्या लोकांनी मित्राकडचं कर्तव्य जास्त वेळा वर ठेवलं, आणि ते वैयक्तिक आवड म्हणून नव्हे, नैतिक कर्तव्य म्हणून. त्यामुळं ‘दोस्तासाठी केलं’ हे वाक्य दिसलं की खालचे गुण देऊन मोकळं व्हायचं, हे आपल्याकडं चालत नाही. का पाळायचा शब्द, ते विचारावंच लागतं.

नवीन गुण दिले. आधीच्या कागदावर अकरा उत्तरांची बेरीज २१ होती, म्हणजे १९१, दुसरी पायरी. चार उत्तरं प्रत्येकी एका गुणानं वर गेली. बेरीज २५, म्हणजे २२७, दुसरीतून तिसरीकडं सरकणारा मुलगा. प्रशिक्षणार्थ्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं आपण मुलाचं भलं केलं.

मला मात्र तिथं बसल्या बसल्या काळजी वाटली. कलम १५ मध्ये ‘परिणाम समजण्याची कुवत’ असे शब्द आहेत. चुकीच्या कागदावरचा मुलगा काहीसा पोरकट, फक्त पोलिसांना भिणारा दिसत होता. दुरुस्त कागदावरचा मुलगा म्हणतो, ज्याचं जातं त्याच्या घरी चूल पेटत नाही. आता कुणीही म्हणू शकतं, याला परिणाम चांगलाच समजत होता, तरी केलं, पाठवा वर. म्हणजे ज्याला दुसऱ्याचं दुःख बोलून दाखवता येतं त्याची रवानगी बाल न्यायालयाकडं, आणि ज्याला येत नाही तो मंडळापुढं. हा उलटा न्याय या कायद्यातल्या शब्दांत दडलेला आहे, आणि चाचणी घेणाऱ्यानं तो डोळ्यांआड केला तर आपल्याच हातानं मुलाचं नुकसान होतं.

म्हणून कागद होता तसाच ठेवायचा का? प्रशिक्षणार्थ्यानं हे विचारलं, जरा चाचरत. नाही. खोटा कागद पुढच्या वेळी दुसऱ्या मुलावर उलटतो. पण दुरुस्त कागदातून काय काढता येतं आणि काय येत नाही, हे अहवालातच लिहावं लागतं.

मूल्यमापनाच्या खोलीत मुलाजवळ वेळ असतो. आम्ही ‘का?’ विचारतो आणि वाट बघतो. रस्त्यावर तेवढा वेळ नसतो, आणि बरोबर दोघं मोठे असतात. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका खेळात दाखवलं की एकटी असताना पौगंडातली मुलं मोठ्यांहून फार वेगळी वागत नाहीत, सोबत मित्र असले की धोका पत्करण्यात मोठ्यांपेक्षा कितीतरी पुढं जातात. खोलीतला २२७ हा खोलीतला असतो. त्या संध्याकाळी रस्त्यावर मुलगा कुठल्या पायरीवर होता हे तो आकडा सांगत नाही.

संशोधनाचं म्हणाल तर दोन आकडे जवळ ठेवते. नेदरलँड्समधल्या स्टाम्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ५० अभ्यास एकत्र करून बघितले. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचा नैतिक विचार इतर मुलांपेक्षा खालच्या पायरीवर असतो, वय, बुद्ध्यांक, घरची स्थिती यांचा हिशोब धरूनही, आणि फरक मोठा. दुसरा आकडा व्हान फुख्त आणि सहकाऱ्यांचा, २०११ चा: १९ अभ्यास, प्रश्न असा की नैतिक विकास कमी असेल तर मूल पुन्हा गुन्हा करतं का. संबंध सापडला, पण ०.११. त्याचा वर्ग करा, म्हणजे कोण पुन्हा गुन्हा करतं आणि कोण नाही यातल्या फरकाचा जेमतेम एक टक्का त्यानं उलगडतो. घोळक्याबद्दल बोलायचं तर पायरी उपयोगाची, समोर बसलेलं एक पोर उद्या काय करील याचं भाकीत त्यातून निघत नाही. दोन्ही आकडे एकत्र सांगितले नाहीत तर ऐकणारा सोयीचा तेवढा घेतो, हे अनेकदा बघितलं आहे.

पायरीपेक्षा जास्त हाताला लागतं ते मुलगा स्वतःशी हिशोब कसा जुळवतो यातून. समाजशास्त्रज्ञ साइक्स आणि मात्झा यांनी १९५७ मध्ये याचे पाच प्रकार मांडले: माझी जबाबदारी नव्हती, नुकसान झालंच नाही, तो त्याच लायकीचा होता, बोलणारेच कुठले साव, आणि मी आपल्या माणसांसाठी केलं. गिब्ज यांनीही पुढं अशाच विकृत समजुतींवर काम केलं. या मुलाच्या बोलण्यात तिसरा प्रकार ठासून भरलेला. पण तो पोकळ नव्हता. ठेकेदार हजार बिड्यांवर मजुरी देतो. गड्डी तपासताना शंभरेक ‘खराब’ म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी देत नाही आणि काढलेल्या बिड्या घेऊनही जातो. सीमाभागातच नव्हे, बिडी जिथं वळतात तिथं ही तक्रार जुनीच आहे. मुलगा म्हणाला, "त्यो आमचंच घेऊन चाललावता." हे विकृत समजूत म्हणून खोडून टाकलं तर मुलगा पुढच्या वाक्याला गप्प होतो. ‘तुझ्या आईची बाकी किती होती, आणि पिशवीत बाकीच्या बायकांची किती?’ असं विचारलं की मात्र हिशोब डळमळतो. तो बराच वेळ बोटं मोडत बसला. पिशवीत वीस-बावीस घरांची मजुरी होती.

हे मी कबुली म्हणून लिहिलं नाही. तो भाग अहवालातून वगळला, फक्त ‘पीडिताबद्दल अन्यायाची भावना, इतर मजुरांच्या नुकसानीकडं लक्ष वेधल्यावर विचार बदलण्याची क्षमता दिसली’ एवढंच. क्षमता दिसली, हे समुपदेशनाच्या दृष्टीनं २२७ पेक्षा मोलाचं.

परिस्थितीच्या रकान्यात तीन गोष्टी गेल्या. पहिली वैद्यकीय कागदातली: हाड मोडलं होतं पण कातडीवर काप नव्हता. कोयत्याची धार लागली असती तर तसं होत नाही. यावरून निष्कर्ष काढणं माझं काम नाही, पण तो कागद आहे हे मंडळाच्या नजरेस आणणं आहे. दुसरी, कोयता त्याच्याच हातात का. सहआरोपींच्या जबाबात ‘बारक्याला काय होत न्हाई, तीन वर्षांत सुटतोय’ असं एक वाक्य होतं. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खालची तीन वर्षांची मर्यादा गावोगावी पाठ आहे, कलम १५ कुणाला माहीत नाही. मोठ्यांनी मुलाला गुन्ह्यासाठी वापरलं तर कलम ८३(२) खाली त्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हेही फार कुणाला माहीत नसतं, कधी कधी तपास करणाऱ्यांनाही. तिसरी गोष्ट सामाजिक तपासणी अहवालातली, आणि तिथंही भाषेनं घोळ घातला होता. ‘मी त्या दिवशी वखारीत गेलतो’ हा जबाब वडिलांच्या नावावर टाकलेला. वडील दोन वर्षं घरीच नाहीत. इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘गेलतो’, ‘आलतो’च म्हणतात. जबाब आईचा होता. म्हणजे त्या संध्याकाळी घरात कुणीच मोठं माणूस नव्हतं, आणि कागदावरून वाटत होतं की वडील वखारीत आणि आई घरी.

आकडा अहवालात घातला नाही. या प्रश्नावलीचे आपल्याकडच्या मुलांसाठीचे निकष नाहीत, आणि आकडा दिसला की वाचणारा बाकीचं वाचत नाही. त्याऐवजी मुलाची चार वाक्यं देवनागरीत जशीच्या तशी दिली, खाली कानडी भाषांतर, आणि तळटीप: ‘खरं’ या शब्दाचा या भागातला अर्थ ‘आदरे’. शेवटचा परिच्छेद असा: ‘मुलाला दुसऱ्याच्या नुकसानीची जाणीव शांत स्थितीत शब्दांत मांडता येते. सोबतच्या मोठ्यांच्या दबावाखाली ही जाणीव कृतीला आवर घालू शकेल इतकी पक्की असल्याचा पुरावा या मूल्यमापनात मिळत नाही. या जाणिवेवरून सज्ञानासारखी परिपक्वता गृहीत धरता येणार नाही.’ तीन प्रती, प्रत्येक पानावर सही.

मंडळानं काय ठरवलं ते इथं लिहिण्याचं नाही.

मुलाला उठताना विचारलं, अजून काही सांगायचंय का. त्यानं प्रशिक्षणार्थ्याकडं बोट केलं. "सरांनी लिवलेलं परत एकदा वाचून दावा. सगळं."

सगळं वाचलं. संध्याकाळचे सहा वाजले. ऑफिसात परतल्यावर प्रशिक्षणार्थ्यानं कपाट उघडलं, मागच्या दोन वर्षांतल्या मराठी मुलांच्या फायली टेबलावर मांडल्या आणि पेन्सिल घेऊन ‘निज’ शोधायला बसला. मी दिवा लावला. पहिलं त्याला तिसऱ्याच फाईलमध्ये सापडलं, त्या मुलाचा अहवाल जाऊन चौदा महिने झाले होते.